फणसाखालची खाट

मुलुंडची ती खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा घरमालकिणीने माझं नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. दारातच माझं मनगट धरलं, पदराला लावलेल्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले, मग अंगठ्याने माझी खालची पापणी ओढून आत पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हिच्या अंगात रक्त नाही. पालेभाजी खायला घालत जा. खोली मागे आहे, बघून घ्या."

आमचं नवीन लग्न झालं होतं. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. नवरा फोर्टातल्या एका कचेरीत कारकून आणि मी सांगलीकडून आलेली, मुंबईला बुजलेली. मुलुंड तेव्हा मुंबईत धरतच नसत. स्टेशनपासून जरा आत गेलं की भाताची खाचरं लागायची, पाठीमागे डोंगर दिसायचा आणि रस्त्याने घोडागाड्या जायच्या. नवरा म्हणाला, "बाई जरा विचित्र आहेत, पण जागा झकास आहे." आम्ही राहायला गेलो.

घरमालकिणीला सगळे सिस्टर म्हणत. शहरातल्या एका मोठ्या प्रसूतिगृहात त्या हेड नर्स होत्या. तिथून निवृत्त होऊन इथे राहायला आल्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं. नर्सचा पेशा धरला म्हणून घरच्यांनी संबंध तोडले होते, पण त्याबद्दल त्या कधी बोलत नसत. एकदाच, कोणीतरी बंगल्याचं कौतुक केलं तेव्हा म्हणाल्या, "लोकांची भांडी धुऊन बांधलाय. जेवणाची नव्हे, खाटेखालची."

बंगला म्हणजे पुढे त्यांच्या दोन खोल्या आणि व्हरांडा. मागे अंगण, अंगणात विहीर. विहिरीपलीकडे एकाच कौलारू छपराखाली दोन बिऱ्हाडं. एक आमचं, दुसरं सावंतांचं. सावंत मालवणकडचे, परळच्या गिरणीत कामाला. आणि सावंतांच्या खोलीच्या भिंतीला जवळजवळ लागून एक जुना प्रचंड फणस होता. दोघांनी हात पसरून कवेत घेतला तरी बोटं एकमेकांना लागत नसत. सिस्टरांनी जागा घेतली तेव्हा तो तिथे उभाच होता. त्याला तोडायला नको म्हणून त्यांनी मागचं छप्पर थोडं तिरकं बांधून घेतलं होतं. मी आधी कधी फणसाचं झाड पाहिलेलं नव्हतं. बुंध्यालाच लटकलेली ती काटेरी फळं बघून मला पहिले काही दिवस हसू यायचं.

सिस्टर पहाटे उठून पांढरं पातळ नेसायच्या, पायात कॅनव्हासचे बूट घालायच्या आणि सगळ्या आवाराची फेरी मारायच्या. तिला त्या राउंड म्हणत. राउंडमध्ये आमच्या चुलीपर्यंत येत. पाण्यावर झाकण नसलं तर बोलत नसत, नुसतं झाकण उचलून ठेवत आणि माझ्याकडे बघत. दूधवाल्या भय्याला आधी विहिरीवर हात धुवायला लावत, मगच माप भरू देत. तो बिचारा पुढे पुढे दुसऱ्यांच्या दारातही आपण होऊन हात धुवायला लागला. त्या सगळ्यांना अरेतुरे करत. सावंतांना, माझ्या नवऱ्याला, वॉर्डातल्या नगरसेवकालासुद्धा. आणि "काळजी करू नकोस" हे वाक्य त्यांना मुळीच चालायचं नाही. म्हणायच्या, "काळजी कर. पण हातपाय चालू ठेवून कर."

पहिल्याच वर्षी मला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात सगळं संपलं. त्या दिवशी नवरा कचेरीत होता. सिस्टरांनी दवाखान्यात नेलं, परत आणलं, आणि पुढचे दोन दिवस त्या माझ्या अंथरुणाजवळ पाटावर बसून होत्या. धीराचं एक अक्षर बोलल्या नाहीत. शेजारणी आल्या आणि "देवाची इच्छा" वगैरे सुरू झालं की म्हणायच्या, "चहा घेतलात? मग निघा." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझे केस विंचरून घट्ट वेणी घातली आणि म्हणाल्या, "आता उठून विहिरीपर्यंत चालून ये. मी दारात उभी आहे." मी चालून आले. तेव्हापासून मला त्यांची भीती वाटेनाशी झाली.

झाडांचा त्यांना शौक होता असं कुणी समजू नये. तुळशीला पाणी सावंतवहिनी घालायच्या. मी डब्यात शेवंती लावली तर सिस्टर म्हणाल्या, "डास होतील." फणस आजारी पडेपर्यंत त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिल्याचंही मला आठवत नाही.

दुसऱ्या वर्षीच्या थंडीत एकदा राउंड मारताना त्या बुंध्याशी थांबल्या. मुळाशी चहाच्या भुकटीसारखा तपकिरी भुसा पडला होता. मला वाटलं मुंग्यांचा असेल. त्यांनी तो चिमटीत घेऊन चुरडला, वास घेतला, मग बुंध्यावरून हात फिरवत गेल्या. एके ठिकाणी साल ओली होती आणि चीक गळून काळा पडला होता. वर बघितलं तर डोंगराच्या बाजूच्या फांद्यांची पानं पिवळी पडली होती. कधी पडली, ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

त्या घरात गेल्या आणि एक लाकडी नळी घेऊन आल्या. एका बाजूला कर्ण्यासारखं तोंड असलेली, वीतभर लांब. बायकांच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची ती नळी. कर्ण्याची बाजू त्यांनी झाडाला लावली, दुसऱ्या बाजूला कान टेकला आणि डोळे मिटले. विहिरीवर पाणी ओढणाऱ्या सावंतवहिनी दोर हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. बराच वेळ ऐकून सिस्टर मला म्हणाल्या, "ये, ऐक."

मी कान लावला. आधी काहीच ऐकू आलं नाही. मग लांब कुठेतरी कुणी सुपारी कातरत बसावं तसा बारीक आवाज आला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा.

"काय आहे?" मी विचारलं.

"आत कीड आहे. खातेय."

सावंत कामावरून आल्यावर त्यांनी सांगितलं की कोकणात ह्याला भिरूड म्हणतात, आणि भिरूड लागलं की झाड गेलं म्हणून समजायचं. आत पोखरत जातं आणि एक दिवस झाड नुसतंच आडवं होतं. त्यांच्या वडिलांनी असे दोन आंबे तोडून टाकले होते. सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तोडायच्या आधी काय काय केलं होतं?"

"काय करतलव? तोडले."

"मग भिरुडाने मेले की कुऱ्हाडीने, हे कसं कळणार?"

सावंत चिडले की मालवणीवर यायचे. त्या दिवशी ते बराच वेळ मालवणीतच होते.

दुसऱ्या दिवसापासून अंगणाचा दवाखाना झाला. सालीतली भोकं शोधायला सिस्टर नळी घेऊन शिडीवर चढायच्या आणि मी शिडी धरायची. मोडक्या छत्रीची काडी वाकवून त्यांनी तिचा आकडा केला होता. तो भोकात घालून हळूहळू फिरवायचा आणि टोकाला काही अडकलं की ओढायचं. बोटाएवढी जाड, पांढरीफेक अळी बाहेर यायची. ती त्या एनॅमलच्या तबकात टाकत आणि तबक सावंतांच्या कोंबड्यांपुढे ठेवत. मग रॉकेलात बुडवलेला कापसाचा बोळा चिमट्याने भोकात सारायचा आणि वरून चिखलाने लिंपून टाकायचं. ओली काळी साल त्यांनी सुरीने खरवडून काढली, उघड्या पडलेल्या लाकडाला मोरचूद आणि चुना कालवून फासला, वर गोणपाट गुंडाळलं. झाड निळसर दिसायला लागलं. रस्त्याने जाणारे लोक कुंपणाशी थांबून बघायचे. एकाने विचारलं, "बाई, ह्याला पेज पण भरवता का?" सिस्टर शिडीवरूनच म्हणाल्या, "तुझा डावा पाय सुजलाय. दाखवून ये कुणाला तरी." तो माणूस पाय बघत निघून गेला.

बुंध्याला आमचे कपडे वाळत घालायचे दोर बांधलेले होते, त्यासाठी खिळे ठोकलेले होते. सिस्टरांनी सगळे खिळे पकडीने उपटले. सावंतवहिनींनी कुरकुर केली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या व्हरांड्यात दोर बांधून दिला. पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सिस्टरांच्या व्हरांड्यात सावंतांच्या चड्ड्या वाळताना दिसायच्या. त्याचं त्यांना काहीच वाटत नसे.

एवढं करूनही झाड बरं दिसत नव्हतं. डोंगराच्या बाजूच्या फांद्या वाळूनच गेल्या. त्या वर्षी धरलेले फणस मुठीएवढे होऊन काळे पडले आणि गळाले. हिरवी पानं राहिली ती फक्त एका मोठ्या फांदीवर, आणि ती फांदी नेमकी सावंतांच्या कौलांवर आडवी गेली होती.

मे महिन्यात एका दुपारी जोराची वावटळ आली. मी कपडे काढायला धावले आणि मागे काडकन आवाज झाला. वाळकी एक फांदी सावंतांच्या छपरातून आत गेली होती. सावंतवहिनी त्या वेळी चुलीपाशी होत्या म्हणून वाचल्या. फांदीचं टोक त्यांच्या अंथरुणावर पडलं होतं. त्यांना पाचवा महिना होता. त्या रडत नव्हत्या, नुसत्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या आणि हातातला कालथा काही केल्या सोडत नव्हत्या.

सिस्टरांनी आधी त्यांना तपासलं. मग छपराला पडलेल्या भोकातून झाडाकडे पाहिलं. वाळकी फांदी पडताना मोठ्या फांदीच्या बेचक्याला खरचटून गेली होती आणि तिथली साल निघून आतलं लाकूड दिसत होतं. ते पोकळ होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, सावंत दोन लाकूडतोड्यांना घेऊन आले. सिस्टरांना विचारलंही नाही. कुऱ्हाडी विहिरीच्या कठड्यावर टेकवून ते दोघे विडी ओढत बसले. सावंत अंगणात उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "सिस्टर, आता बस झाला. माझी बायको दोन जीवाची आसा. ती खांदी खाली इली तर? तुमका झाड होया, माका माझा घर होया."

मला वाटलं, आता भांडण होणार. सिस्टर बूट घालून सावकाश बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सावंत, तुझं बरोबर आहे."

सावंत पुढचं बोलायच्या तयारीत होते, ते गडबडले.

"ती खोली धोक्याची आहे. बाळंतीण होणाऱ्या बाईने तिथे झोपायचं नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण सगळी हिरवी पानं त्याच फांदीवर आहेत. ती आज कापली तर झाड खाणार काय? खाली बुंध्याला नवे कोंब येऊ देत. ते आले की मी स्वतः फांदी उतरवेन. पावसाळा संपेपर्यंत वेळ दे."

"आणि तवसर आमी खय ऱ्हवायचा?"

"पुढे. माझ्या दोन खोल्यांत. मी मागे येते, तुझ्या खोलीत."

लाकूडतोड्यांतला एकजण विडी विझवून उठला आणि विचारू लागला, काम आहे की नाही. सावंतांनी हाताने त्याला थांबवलं.

"तुमी? त्या खांदीखाली?"

"मग कोण? झाड ठेवायचं मी म्हणतेय. मग खाली मीच झोपायला हवं."

त्याच दिवशी दुपारी त्यांनी आपली लोखंडी खाट उचलायला लावली. सावंतांनी आणि माझ्या नवऱ्याने ती विहिरीला वळसा घालून मागे नेली. सावंतवहिनी पुढच्या खोल्यांत गेल्या तेव्हा किती तरी दिवस त्या तिथल्या खुर्चीवर बसल्या नाहीत, जमिनीवरच बसायच्या. सिस्टरांनी कपाट रिकामं करून दिलं होतं, तरी त्यांचे कपडे बोचक्यातच होते. सावंतांची तर फारच पंचाईत झाली. ते पुढच्या दाराने येईनात, मागून विहिरीकडून यायचे.

नवरा मला म्हणाला, "ह्या बाईंची वाट लागणार बघ एक दिवस. तू तरी समजावून सांग." शेवटी मी एकदा तांदूळ निवडायचं निमित्त करून त्यांच्या खोलीत जाऊन बसले. वर छपराला सावंतांनी नवी कौलं बसवली होती. मी सरळ विचारलं, "सिस्टर, एका झाडासाठी हे कशाला? तुम्हाला काही झालं म्हणजे?"

त्यांनी ताट आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचत बोलायला लागल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"आमच्याकडे डॉक्टर राउंडला यायचा. एखाद्या खाटेपाशी थांबायचा, बघायचा, मान हलवून पुढच्या खाटेकडे जायचा. त्याला जावंच लागायचं, पुढे चाळीस खाटा असायच्या. पण मान हलवली म्हणून ती बाई लगेच मरत नसे ना गं. ती तिथेच असायची. मग आम्ही तिला पुसायचो, पाजायचो, कूस बदलायचो. बहुतेक जायच्या. एखादी राहायची. का राहिली ते कोणालाच सांगता यायचं नाही. मी इतकंच शिकले की मान हलवून पुढे जायचं काम माझं नाही."

"आणि इथे तुमचा अंदाज चुकला तर?"

"चुकू शकतो," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सावंताला बाजूला काढलं."

मग त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "तुला खडे दिसत नाहीत नीट. डोळे दाखवून घे."

पावसाळ्यात वारं सुटलं की आमच्या घरात कुणाला जेवण गोड लागायचं नाही. पण सगळ्यात जास्त अस्वस्थ सावंत असायचे. गिरणीतून कुठून तरी त्यांनी एक जाड वासा मिळवून आणला आणि फांदीला खालून टेकू दिला. कामावर जायच्या आधी आणि आल्यावर टेकूच्या पाचरी हातोडीने ठोकून बघायचे. मी एकदा म्हटलं, "सावंतभावजी, झाड तोडायला तर तुम्हीच निघाला होतात."

ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, ही म्हातारी माझ्या कौलाखाली मेली तर मी खय तोंड दाखवू? गावाक जाऊची सोय रवाची नाय."

आणि श्रावणात बुंध्याला, गोणपाटाच्या जरा वर, सालीतून तांबूस-हिरवे कोंब फुटले. आधी सावंतवहिनींना दिसले. त्या जड अंगाने विहिरीपर्यंत आल्या आणि सिस्टरांना हाका मारायला लागल्या. सिस्टरांनी येऊन चष्मा लावला, कोंबांना हात न लावता वाकून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अजून लहान आहेत. महिनाभर तरी जाऊ दे." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या हसल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी भय्याकडून जास्त दूध घेतलं आणि दोन्ही बिऱ्हाडांना खीर पाठवली. खिरीत साखर जवळजवळ नव्हतीच.

सावंतवहिनींचे दिवस भरत आले तेव्हा आम्ही सगळे धरून चाललो होतो की बाळंतपण सिस्टर घरीच करणार. त्यांनी साफ नकार दिला. "घरात असले प्रकार मी चालवून घेत नाही. दवाखाने कशाला बांधलेत?" एका सकाळी वहिनींना कळा सुरू झाल्या. सावंत पहिल्या पाळीला गेलेले. सिस्टरांनी घोडागाडी बोलावली, वहिनींना बसवलं आणि मला म्हणाल्या, "तू घर सांभाळ. सावंत आला की पाठवून दे." त्या दवाखान्यात थांबणार नव्हत्या, नुसतं पोचवून परत येणार होत्या. पण वहिनींनी त्यांचा हात सोडला नाही, म्हणून थांबल्या.

दुपारी वारा नव्हता, पाऊस नव्हता. ऊन पडलं होतं. मी आमच्या दारात बसून गोधडीला टाके घालत होते. आधी टेकूचा वासा करकरला. मी वर बघितलं तेव्हा मोठी फांदी बेचक्यातून अलग होत होती, अगदी सावकाश, जणू कुणी धरून खाली ठेवतंय. मग ती एकदम सुटली. कौलं, वासे, भिंतीचा वरचा भाग सगळं घेऊन ती खोलीत गेली. धुळीने मला काही दिसेना. मी उठून ओरडले, "सिस्टर," आणि मग आठवलं की त्या घरात नाहीत.

लोक जमले. धूळ बसल्यावर आम्ही आत डोकावलो. लोखंडी खाट मधोमध वाकून जमिनीला टेकली होती आणि उशी फांदीखाली गेली होती. दुपारच्या जेवणानंतर सिस्टर रोज त्याच खाटेवर पडत असत.

संध्याकाळी घोडागाडी दारात थांबली. सिस्टर आणि सावंत उतरले. दवाखान्यातून गिरणीत निरोप गेला म्हणून सावंत कामावरून परस्पर तिकडे गेले होते, त्यांना मुलगी झाली होती. ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि अंगणात येताच थबकले. सिस्टर त्यांना ओलांडून पुढे गेल्या. आधी झाडाजवळ गेल्या, बेचक्याची जखम पाहिली, खाली वाकून बुंध्यावरचे कोंब पाहिले. एकही मोडला नव्हता. मग खोलीच्या दारात जाऊन त्यांनी खाटेकडे पाहिलं. परत फिरल्या आणि विहिरीच्या पायरीवर बसल्या. त्यांनी पदराचं घड्याळ काढून पुसायला घेतलं, पण ते हातातून निसटलं.

सावंतांनी ते उचलून दिलं.

"सावंत," त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. मी फार ताणलं. तुझी बायको तिथे असती तर?"

"नव्हती ना. तुमीच तिका बाजूक काढलात," सावंत म्हणाले. "आणि तिना तुमका."

मग सिस्टरांनी जे विचारलं, ते त्यांच्या तोंडून मी आधी कधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही. त्या कुणाचाच सल्ला घेत नसत.

"आता तू सांग. मी काही बोलणार नाही. ठेवायचं की तोडायचं?"

लोक सावंतांकडे बघत होते. कचेरीतून नुकताच आलेला माझा नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "आता संपलं झाड." सावंत बुंध्यापाशी गेले. फांदी पडल्यावर वरचं सगळं उघडं झालं होतं, नुसता एक उंच ठोकळा उभा होता. त्यांनी कोंबांकडे पाहिलं, ठोकळ्यावर थाप मारली, मग वर मान करून, कुठे कापावं लागेल ते हाताने मोजल्यासारखं केलं.

"ऱ्हवांदे," ते म्हणाले. "वरचा कुजलेला सगळा काढूया. खालचा ऱ्हवांदे."

मग पेढ्यांचा पुडा उघडून त्यांनी पहिला पेढा सिस्टरांच्या हातावर ठेवला. सिस्टर म्हणाल्या, "हात धुतलेस?" पण पेढा त्यांनी तोंडात टाकला होता.

पुढच्या रविवारी वरचं कुजकं लाकूड उतरवलं. लाकूडतोडे तेच होते. सिस्टर खाली उभ्या राहून सूचना देत होत्या आणि सावंत त्या सूचनांच्या उलट सूचना देत होते. कापलेल्या जागी दोघांनी मिळून मोरचूद फासला. सावंतवहिनी बाळाला घेऊन घरी आल्या तेव्हा पुन्हा खोल्यांचा प्रश्न आला. मागची खोली बांधून होईपर्यंत सिस्टर आमच्याकडे चुलीशेजारी झोपत होत्या. खोली तयार झाल्यावर सावंत सामान हलवायला लागले, तर त्या म्हणाल्या, "बाळाला उजेड लागतो. पुढेच राहा." आणि वाकलेली खाट लोहाराकडून सरळ करून घेऊन पुन्हा मागे गेल्या.

ते तसंच राहिलं. घरमालकीण मागच्या एका खोलीत आणि भाडेकरू पुढे व्हरांड्यासह दोन खोल्यांत. दारावर कुणी आलं की सावंतांना मालक समजायचं. सावंत कानकोंडे व्हायचे, बनियनवर शर्ट चढवत म्हणायचे, "मालकीण मागे असतात. झाडाकडे."

आम्ही आणखी सहा-सात वर्षं तिथे होतो. माझी दोन्ही मुलं त्याच अंगणात चालायला शिकली. मग नवऱ्याच्या कचेरीने घाटकोपरला क्वार्टर्स दिले आणि आम्ही निघालो. कोंबांच्या तोवर मांडीएवढ्या फांद्या झाल्या होत्या. झाड पूर्वीइतकं उंच कधी झालं नाही, पण पसरलं होतं आणि त्या वर्षी त्याला भरपूर फणस धरले होते. सावंतांची मुलगी बुंध्याला पाय लावून चढायची. तिला सिस्टरांची अजिबात भीती वाटत नसे.

निघायच्या दिवशी मी सिस्टरांना नमस्कार करायला मागे गेले. त्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. गुडघे दुखायला लागले होते, राउंड आता विहिरीपर्यंतच असायचा. मी म्हटलं, "सिस्टर, आता तरी पुढे जा राहायला. तिथे चार माणसं येतात-जातात. इथे एकट्या कशाला बसता?"

"पुढे लोक गप्पा मारत बसतात," त्या म्हणाल्या. "इथे मला काम असतं."

मी झाडाकडे पाहिलं. पान अन् पान तजेलदार होतं, सालीला कुठे ओल नव्हती, मुळाशी भुसा नव्हता. करण्यासारखं काही काम मला तरी दिसत नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या धाकट्याच्या डोक्यावर हात ठेवला, त्याची जीभ बाहेर काढायला लावून पाहिली आणि त्याच्या हातावर एक भला मोठा फणस ठेवायला सावंतांना सांगितलं. तो त्याला पेलला नाही. फणस मी घेतला आणि घोडागाडीत बसले. गाडी वळेपर्यंत सिस्टर खुर्चीतच बसून होत्या, आमच्याकडे पाठ करून, झाडाकडे तोंड करून.